नर की मादी? वाडीच्या राखणीसाठी कुत्रा निवडताना

पेण, प्रतिनिधी

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघाले, की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड अशी गावे लागतात आणि कोलाडहून एक रस्ता रोह्याकडे वळतो. या पट्ट्यात मुंबई-ठाण्यातील अनेक कुटुंबांनी जमिनी घेऊन फार्महाऊस बांधली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा दरम्यानचा अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली. मात्र यातील बरीच घरे सोमवार ते शुक्रवार बंदच असतात. भोवती आंबा-काजूची झाडे, पाण्याचा पंप, शेजारी दूरवर एखादे घर. अशा वाडीवर राखणीला कुत्रा हवा, हा विचार साहजिकच येतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन किंवा रॉटवायलर यांपैकी जात ठरली, की पुढचा प्रश्न उभा राहतो : नर घ्यावा की मादी?

गावात विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. 'नरच घ्या, मादीचा व्याप कोण सांभाळणार?' या उत्तरात थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. नर आणि मादी यांच्यात फरक आहेत, ते महत्त्वाचेही आहेत. परंतु ते मुख्यतः आकार, आरोग्य आणि रोजच्या सांभाळण्याबाबतचे आहेत. राखण करण्याच्या क्षमतेत मादी नरापेक्षा कमी ठरत नाही. त्यातही मालक आठवड्यातून दोनच दिवस येणार असेल, तर हा निर्णय उरलेले पाच दिवस कुत्र्यासोबत राहणाऱ्या माणसाकडे पाहून घ्यावा लागतो. नेमका हाच विचार बहुतेक वेळा राहून जातो.

आकार आणि वजन

राखणदार जातींमध्ये नर व मादी यांच्या आकारात डोळ्यांना जाणवेल एवढे अंतर असते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकांनुसार जर्मन शेफर्ड नराची खांद्यापर्यंतची उंची ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो असावे लागते. मादीची उंची ५५ ते ६० सेंटिमीटर व वजन २२ ते ३२ किलो असते. डॉबरमन नर ४० ते ४५ किलोचा, तर मादी ३२ ते ३५ किलोची. रॉटवायलर नर सुमारे ५० किलोपर्यंत जातो, मादी सुमारे ४२ किलोपर्यंत.

आठ-दहा किलोंचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पट्टा हातात धरल्यावर मात्र तो लगेच जाणवतो. रस्त्यावरून गुरे जात असताना ५० किलोचा नर अचानक झेपावला, तर त्याला थोपवणे धडधाकट पुरुषालाही जड जाते. वाडीवर कुत्र्याला फिरवण्याचे काम कोणाकडे आहे, हे म्हणूनच आधी पाहावे. ते काम राखणदाराची पत्नी, वृद्ध वडील किंवा शाळकरी मुलगा करणार असेल, तर मादीचे कमी वजन ही मोठी सोय ठरते. खाद्य, जंतांची औषधे, गोचिडांवरील औषधे यांचे प्रमाणही वजनावर ठरत असल्याने खर्चातही थोडा फरक पडतो.

धाक बसवण्याच्या दृष्टीने नराचे रुंद डोके आणि भरदार छाती उपयोगी पडते, हे खरे. परंतु अंधारात कुंपणापलीकडे उभा असलेला माणूस नर-मादी पाहत नाही. त्याच्यासाठी भुंकणे पुरेसे असते.

स्वभाव : समज आणि वस्तुस्थिती

नर धाडसी आणि मादी मवाळ, असा एक सार्वत्रिक समज आहे. संशोधनातून समोर येणारे चित्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली गेली. एकेका कुत्र्याच्या स्वभावातील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरक त्याच्या जातीमुळे असतो, असे त्यात आढळले. जातीवरूनही स्वभाव इतका कमी सांगता येत असेल, तर केवळ लिंगावरून तो ओळखणे किती बेभरवशाचे, हे सहज लक्षात येईल.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांवर गुरगुरणे, अंगावर जाणे, चावणे असे वर्तन नरांमध्ये माद्यांपेक्षा अधिक आढळले. पण यापेक्षा कितीतरी ठळक संबंध भीतीशी दिसून आला. भित्रे कुत्रे आक्रमक होण्याची शक्यता सर्वाधिक होती. राखणीच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. चांगला राखणदार अनोळखी माणसाची चाहूल लागताच भुंकतो, मधे उभा राहतो आणि मालकाने सांगताच थांबतो. भेदरलेला कुत्रा सरळ चावतो, मग समोर चोर असो की दूध घालायला आलेला गवळी.

नर व माद्या पाळणाऱ्यांच्या अनुभवातून काही ढोबळ फरक सांगितले जातात. नर वाडीच्या हद्दीवर अधिक लक्ष ठेवतो, कुंपणाच्या कडेकडेने फिरतो, जागोजागी मूत्रखुणा करतो. मादी घरातील माणसांच्या जवळपास राहते, मुलांवर लक्ष ठेवते आणि वयाने लवकर समजूतदार होते. नराचा अल्लडपणा दोन-अडीच वर्षांपर्यंत टिकतो. हे फरक सरसकट सर्वांना लागू पडत नाहीत. एखादी मादी नरापेक्षा कडक निघते आणि एखादा नर आल्यागेल्याच्या पायाशी लोळतो.

लष्करात आणि पोलिसांत नर व मादी दोन्ही कुत्रे कामाला घेतले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील राजौरी येथे दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत आपल्या प्रशिक्षकाला वाचवताना प्राण गमावलेली 'केंट' ही लॅब्राडोर मादीच होती. धैर्य हा नराचाच मक्ता असल्याचे मानण्याचे कारण नाही.

भाद्रपदातील नर

नराचा खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडील गावठी कुत्र्यांचा विणीचा हंगाम बव्हंशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो. भाद्रपद महिना आणि कुत्रे यांची सांगड मराठी बोलीत पूर्वीपासून आहे, ती या निरीक्षणातूनच. या दिवसांत गावातील माद्या माजावर येतात. त्यांचा वास नराला दूरवरून लागतो आणि एरवी शहाणा असलेला राखणदार नर अस्वस्थ होतो. तो खाणे सोडतो, रात्रभर विव्हळतो, कुंपणाखाली माती उकरतो, संधी मिळाली की पळतो.

पेण-रोह्याच्या पट्ट्यात पळून गेलेल्या नरासमोर दोन मोठे धोके असतात. एक म्हणजे महामार्गावरील व रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीकडील अवजड वाहतूक. दुसरा म्हणजे गावठी कुत्र्यांच्या टोळीशी होणारी झुंज. वंशावळीचा, घरात वाढलेला कुत्रा कितीही दांडगा असला तरी पाच-सहा गावठी कुत्र्यांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण असते. अशा झुंजीतील चाव्यांतून रेबीजची लागण होण्याची भीती असते, ती वेगळीच.

नेमके याच महिन्यात गौरी-गणपतीसाठी घरी पाहुण्यांची ये-जा असते. फाटक सतत उघडे, मुलांचा गलका, फटाक्यांचे आवाज. आधीच अस्वस्थ असलेल्या नराला या काळात मोकळे ठेवणे योग्य नाही. नर पाळायचा असेल तर या पंधरवड्यासाठी भक्कम पिंजरा किंवा बंदिस्त पडवी आधीच तयार असावी.

मादी : माज, वीण आणि आजार

मादीचा 'व्याप' म्हणतात तो मुख्यतः माजाचा. मोठ्या जातींची मादी साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या काळात पहिल्यांदा माजावर येते. त्यानंतर सरासरी सहा ते सात महिन्यांनी हे चक्र पुन्हा येते. गावठी माद्यांप्रमाणे ते एकाच हंगामाला बांधलेले नसते. माज साधारण तीन आठवडे टिकतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत रक्तस्राव होतो आणि त्यापुढील काही दिवस गर्भधारणेचे असतात. रक्त दिसेनासे झाले म्हणजे माज संपला, असे समजून मादीला मोकळे सोडणे, ही नेहमी होणारी चूक आहे. धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

या तीन आठवड्यांत कुंपणाबाहेर गावातील नरांची रांग लागते. चार फुटांचे कुंपण त्यांना अडवू शकत नाही. मादीला दार लागेल अशा खोलीत ठेवणे आणि पट्ट्याला धरूनच बाहेर काढणे, हाच उपाय. त्यात कसूर झाली की सुमारे ६३ दिवसांनी वाडीवर सहा, आठ, कधी दहा पिल्लांची वीण होते. या पिल्लांचे पुढे काय होते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. नर पिल्ले मागणाऱ्यांकडे जातात. मादी पिल्ले कोणालाच नको असतात. ती बाजाराजवळ, एसटी स्टँडच्या मागे किंवा महामार्गाच्या कडेला सोडली जातात. मादी घेण्याचे टाळणारे आणि मादी पिल्ले सोडून देणारे, दोघांचे कारण एकच असते. त्यावर नसबंदी हा साधा उपाय उपलब्ध आहे.

आरोग्याचा विचारही करावयास हवा. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार मध्यम वयानंतर बराच आढळतो. स्वीडनमधील श्वानविम्याच्या नोंदींवरून वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत अशा माद्यांपैकी २० ते २५ टक्के माद्यांना तो होतो, असे दिसून आले. रॉटवायलरसारख्या काही जातींत हे प्रमाण आणखी जास्त आहे. माजानंतर काही आठवड्यांनी मादी सुस्त होणे, खूप पाणी पिणे, खाणे सोडणे, योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, ही त्याची लक्षणे. काही वेळा स्राव बाहेर येतच नाही आणि आजार लक्षात येईपर्यंत उशीर होतो. यात तातडीची शस्त्रक्रिया लागते. आठवड्याच्या शेवटीच मालक येणार असलेल्या वाडीवर ही लक्षणे कोण ओळखणार, हा प्रश्न आहे. स्तनांतील गाठींचे प्रमाणही नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये अधिक असते.

नरालाही लिंगाशी निगडित आजार होतात. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढणे, वृषणात गाठ होणे हे त्यातील प्रमुख. डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. तो दोन्ही लिंगांत होतो, परंतु नरांमध्ये सहसा लवकर उघड होतो.

नसबंदी कधी करावी?

नसबंदी केली की कुत्रा राखण करेनासा होतो, हा समज चुकीचा आहे. नराचे भटकणे, मूत्रखुणा करणे आणि इतर नरांशी भांडणे यात नसबंदीने घट होते. अनोळखी माणसाची चाहूल घेऊन भुंकण्याची वृत्ती कायम राहते. मात्र भीतीपोटी चावणारा कुत्रा नसबंदीने सुधारेल, ही अपेक्षा ठेवू नये. त्याला शिकवण आणि माणसांची सवय लागते.

वयाबाबत घाई करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांपैकी २१ टक्क्यांना सांध्यांचा एक वा अधिक विकार झाला, तर नसबंदी न केलेल्या नरांत हे प्रमाण ७ टक्के होते. माद्यांमध्ये ते अनुक्रमे १६ व ५ टक्के आढळले. लवकर नसबंदी केलेल्या काही माद्यांना पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा त्रासही झाला. हाडांची वाढ पूर्ण होण्यासाठी शरीरातील संप्रेरकांची गरज असते, हे त्याचे कारण मानले जाते. याच संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्येक जातीसाठी आणि लिंगासाठी योग्य वय वेगवेगळे असल्याचे दिसले. जर्मन शेफर्डच्या बाबतीत दोन्ही लिंगांसाठी दोन वर्षांपर्यंत थांबावे, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे वय ठरवताना पशुवैद्याला जात, लिंग आणि राहण्याची परिस्थिती तिन्ही सांगावी.

दोन वर्षे थांबायचे, तर मादीचे दोन-तीन माज सांभाळावे लागणार, हे उघड आहे. ते शक्य नसेल तर सांध्यांचा थोडा धोका पत्करून लवकर नसबंदी करणे, हे नको असलेल्या विणीपेक्षा श्रेयस्कर ठरू शकते. हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो.

घरात आधीच कुत्रा असेल तर

वाडीवर एक कुत्रा असताना दुसरा आणायचा असेल, तर लिंगाचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा होतो. एकाच घरातील कुत्र्यांमध्ये होणारी गंभीर भांडणे बहुतांशी समलिंगी जोड्यांमध्ये होतात. दोन नरांचे वैर लोक गृहीत धरतात, परंतु दोन माद्यांमधील वैर अधिक चिवट असते, याची कल्पना अनेकांना नसते. एकदा जुंपली की त्यांना आयुष्यभर वेगळे ठेवण्याची वेळ येऊ शकते. राखणदार जातींत हा धोका विशेष असतो.

म्हणून घरात नर असेल तर मादी आणि मादी असेल तर नर आणावा, हा सर्वसाधारण नियम. त्यातील किमान एकाची नसबंदी झालेली असावी. दोन पिल्ले एकाच वेळी आणण्याचा मोहही टाळावा. ती एकमेकांत रमतात आणि माणसाकडून शिकण्यात मागे पडतात.

कुत्रा कोणाचा?

शनिवारी दुपारी गाडी फाटकाशी येते आणि रविवारी संध्याकाळी निघून जाते. उरलेल्या पाच दिवसांत कुत्र्याला भाकरी घालणारा, पाणी देणारा, त्याच्या कानामागचे गोचीड काढणारा माणूस म्हणजे वाडीवर राहणारा राखणदार आणि त्याचे कुटुंब. कुत्र्याच्या दृष्टीने घरचे लोक तेच असतात. मालकाने पसंत केलेला, मालकाच्या पैशाने आणलेला कुत्रा मालकालाच पाहून गुरगुरतो, असे प्रकार घडतात, त्यामागे हेच कारण असते.

त्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. राखणदाराला कुत्रा हवा आहे का, असे त्याला बहुधा कोणी विचारत नाही. त्याची लहान मुले त्याच अंगणात खेळतात. कुत्र्याची भीती वाटते, असे तो मालकाला सांगेलच असे नाही. मग कुत्रा दिवसभर साखळीला बांधला जातो, लांबून थाळी सरकवली जाते आणि काही महिन्यांत तो खरोखरच कोणालाही जवळ येऊ देईनासा होतो. चावण्याची पहिली घटना घडते ती बहुतेक वेळा घरातील मुलाच्या बाबतीत, चोराच्या बाबतीत नव्हे.

पिल्लू आणण्याआधी राखणदाराच्या कुटुंबाशी बसून बोलणे म्हणूनच आवश्यक आहे. त्यांनी यापूर्वी कुत्रा पाळला आहे का, घरात लहान मुले किती, फिरवणार कोण, माजाच्या काळात मादीला ठेवायला जागा आहे का, आजारी पडल्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी वाहन व पैसे हाताशी असतील का, हे सर्व आधीच ठरवावे. कुत्र्यासाठी लागणारा वेळ हे कामच आहे, त्याचा वेगळा मोबदला द्यावा. कुटुंब नाखूश असेल तर कुत्रा घेऊ नये. चांगले कुंपण, दिवे आणि कॅमेरे यांवर तो पैसा खर्च करावा.

साखळी, पाऊस आणि बिबट्या

कोकणातील पावसाळा राखणदार कुत्र्याची कसोटी पाहतो. जर्मन शेफर्डच्या दाट दुहेरी केसांत ओल टिकून राहते आणि त्वचेला बुरशी धरते. डॉबरमनचे आखूड केस लवकर वाळतात, पण त्याला थंड वारा सोसत नाही. गोचिडांपासून होणारा ताप ही या भागातील नेहमीची डोकेदुखी आहे. जर्मन शेफर्डमध्ये तो तीव्र स्वरूप धारण करू शकतो. नाकातून रक्त येणे, हिरड्या पांढुरक्या पडणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची आणि रेबीजची लस दरवर्षी वेळेवर द्यावी. यात नर-मादी असा भेद नाही.

रोहा व मुरूड तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य आणि सह्याद्रीच्या उतारावरील जंगले यांच्या आसपास बिबट्यांचा वावर आहे. बिबट्यासाठी मोठा नर हवा, असा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वाधिक वाटा, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के, कुत्र्यांचाच असल्याचे आढळले. साखळीने बांधलेला कुत्रा ४५ किलोचा असो वा ३० किलोचा, बिबट्यापुढे त्याला पळायलाही जागा नसते. रात्री कुत्र्याला जाळीच्या बंदिस्त जागेत किंवा पडवीत घ्यावे. तेथूनही तो भुंकून सावध करतोच.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे याचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. फार्महाऊसवरील अनेक कुत्र्यांची स्थिती याच वर्णनात बसते.

कुत्र्यामुळे कोणाला इजा होऊ शकत असताना निष्काळजीपणा केल्यास जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपत नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास सांगितले होते. त्या यादीत रॉटवायलरचा समावेश होता. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन त्यात नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द ठरवले. तरीही अशा जातीचे पिल्लू घेण्यापूर्वी पेण नगर परिषद, रोहा-अष्टमी नगर परिषद किंवा संबंधित ग्रामपंचायतीत नियमांची चौकशी करून ठेवावी.

श्वानपैदाशीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचे पिल्लू देऊ करणाऱ्याकडून खरेदी करू नये.

पिल्लू पाहताना

नर-मादी ठरल्यानंतरही खरी निवड बाकी असते. शक्य असेल तर पिल्लांची आई पाहावी. ती अनोळखी माणसाला पाहून भुंकली तर हरकत नाही. मात्र कोपऱ्यात दबून थरथरत असेल किंवा चवताळून अंगावर येत असेल, तर त्या विणीतील पिल्लू घेऊ नये. आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी झाली आहे का, डॉबरमन असल्यास हृदयाची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. पिल्लांत सर्वात दांडगे आणि सर्वात भित्रे, अशी दोन्ही टोके टाळून मधले, कुतूहलाने पुढे येणारे पिल्लू निवडावे. मोठा आवाज झाल्यावर दचकून पुन्हा सावरणारे पिल्लू राखणीसाठी उत्तम.

वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला माणसांची, मुलांची, गुरांची व वाहनांची सवय लावण्याचा असतो. या काळात कोंडून ठेवलेले पिल्लू मोठेपणी 'कडक' होते, ही समजूत चुकीची आहे. ते भित्रे होते.

ज्यांना फक्त चाहूल देणारा कुत्रा हवा आहे, त्यांनी गावठी पिल्लाचाही विचार करावा. येथील हवेला ती सरावलेली असतात, कमी आजारी पडतात आणि रात्रीच्या वेळी त्यांच्याइतके सावध क्वचितच कोणी असते. कोणालाही नको असलेले मादी पिल्लू घेऊन योग्य वयात नसबंदी केली, तर वाडीला चांगली राखणदार मिळते.

थोडक्यात निवड

१. वाडीवर लहान मुले असतील आणि कुत्र्याला स्त्रिया किंवा वृद्ध सांभाळणार असतील, तर नसबंदी करण्याच्या तयारीनिशी मादी घ्यावी.

२. कुंपण पक्के, सहा फुटांच्या आसपास उंच आणि तळाशी उकरता न येणारे असेल, अनुभवी माणूस कायम वाडीवर राहत असेल, तर नर चालेल.

३. कुंपण नसेल किंवा तुटके असेल, तर आधी कुंपण करावे. तोवर नर पळेल आणि मादी गाभण राहील.

४. आधी कुत्रा असेल, तर विरुद्ध लिंगाचा दुसरा आणावा.

५. माजाच्या तीन आठवड्यांत दार लावून ठेवता येईल अशी खोली नसेल आणि नसबंदी लांबवायची असेल, तर मादी घेऊ नये.

६. वाडीवर कायम राहणारे कोणीच नसेल, तर नरही नको आणि मादीही नको. रोज कोणी तरी येऊन खायला घालून जाईल, एवढ्यावर राखणदार जातीचा कुत्रा राहू शकत नाही.

कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. तेवढ्या काळात वाडीवरील राखणदार बदलू शकतो, मालकाचे येणे कमी होऊ शकते, जमीनही विकली जाऊ शकते. नवा राखणदार आला तर कुत्र्याची त्याच्याशी ओळख कोण करून देणार आणि वाडी विकली तर कुत्रा कोणाकडे जाणार, हे ठरवल्याशिवाय पिल्लू घरी आणू नये.